जनरलसाहेबांच्या चक्राला सुरगाठ

आमच्या सोजिनमध्ये कोण मोठं आणि कोण लहान हे माझे मामा ठरवतात. सरकारला वाटतं सरकार ठरवतं, पण सरकार बसतं तिकडे राजधानीत, सोलमध्ये. सोजिनच्या बस स्टँडमागे बसतात ते मामा, मांडीवर बांबूच्या कामट्या आणि तोंडात दोरीचं टोक.

नाव प्यो दकजे, धंदा फुलांच्या चक्रांचा. लग्न असो, एकसष्टी असो, दुकानाचं उद्घाटन असो की मयत, आमच्याकडे मोठी माणसं स्वतः येत नाहीत, चक्र पाठवतात. बांबूच्या तीन पायांच्या घोडीवर उभं केलेलं, माणसापेक्षा उंच, तीन मजली. हिवाळ्यात सगळी कागदी फुलं, आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यातही निम्मी कागदीच. त्यावरून खाली लोंबते एक पांढरी फीत आणि फितीवर पाठवणाऱ्याचा हुद्दा न् नाव. फुलांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, सगळे फीत वाचतात. आणि फितीपेक्षाही जास्त काय वाचतात तर ओळ. दाराच्या उजव्या हाताला पहिलं कोण, मग दुसरं कोण, आणि कोण बिचारं पार संडासाच्या भिंतीला टेकलंय.

ही ओळ मामा लावतात. कार्यवाल्याने फक्त चक्रं कोणाकोणाची आलीत ते बघायचं, ओळीत नाक खुपसायचं नाही. तीस वर्षांत कुणी खुपसलंही नाही, कारण चुकलं तर मामांवर ढकलता येतं.

पूर्वी सोपं होतं म्हणे. गव्हर्नर, मग तहसीलदार, मग मुख्याध्यापक, मग नातेवाईक. मग मी पाळण्यात होते तेव्हा सैन्य सत्तेवर आलं, आणि त्याच महिन्यात गावात शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. मामांनी नेहमीसारखं गव्हर्नरांचं चक्र पहिलं लावलं आणि कुठल्याशा कर्नलचं दुसरं. पुस्तकात गव्हर्नर मोठा होता, पण रस्त्यावर कर्नल मोठा होता. कर्नलच्या माणसांनी मामांना शाळेच्या अंगणात हात वर करून गुडघ्यांवर बसवलं, सगळ्या मुलांसमोर, दुपारपर्यंत. मामा आयुष्यात एक दिवस शाळेत गेले नव्हते, पण शाळेची शिक्षा मात्र त्यांना मिळाली.

त्या दिवसापासून मामांनी सैन्याचा अभ्यास सुरू केला. कुणाच्या खांद्यावर किती तारे, कोण कुणाच्या वर्गातला, कुणाची बदली आघाडीवर झाली आणि कुणाची राजधानीत. मामी म्हणायची, "माझं लुगडं कुठल्या रंगाचंय ते विचारा यांना, सांगता येणार नाही. पण सीमेवरचा डिव्हिजन कमांडर कधी बदलला ते विचारा." मामा म्हणायचे, "तुझ्या लुगड्यावरून कुणी मला गुडघ्यावर बसवत नाही."

आणि अभ्यास लागतच होता, कारण तोपर्यंत गावात सगळीकडे तेच लोक आले होते. तहसीलदार निवृत्त मेजर. मासेमारी सोसायटीचे चेअरमन निवृत्त कॅप्टन, ज्यांना बोट लागायची. शाळेत कवायत शिकवायला निवृत्त सुभेदार. आणि कॉफीघरातल्या खिडकीजवळच्या टेबलावर चामड्याचं जॅकेट घालून हवालदार सोक, जे निवृत्त नव्हते, चांगले कामावर होते. काम काय ते कुणाला माहीत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. ते सैन्याच्या गुप्तचर खात्याचे. सकाळी अंड्याचा बलक घातलेली कॉफी प्यायचे आणि आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाकडे बघायचे. मामा त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी सोक मामांना "ए प्यो" म्हणून हाक मारायचे.

आता गाठींबद्दल. मामांची ओळ प्रसिद्ध, तशी गाठ त्याहून प्रसिद्ध. युद्धात मामांना बंदूक दिली नव्हती, पाठीवर लाकडी चौकट दिली होती, तिच्यावर दारूगोळा बांधून डोंगर चढायचा. "गाठ सुटली की शत्रूची गरज नाही," असं मामा म्हणतात. तिथे शिकलेली निरगाठ. आमच्या गावात समुद्राकडून असा वारा येतो की छपरं उडतात, पण मामांचं चक्र कधी पडलं नाही. ओळीच्या मागून एक जाड काथ्याचा दोर जातो, प्रत्येक घोडी त्याला बांधलेली, आणि दोराचं शेवटचं टोक कशाला तरी पक्कं. ती शेवटची गाठ मामा कुणाला बांधू देत नाहीत. दातांनी ओढतात. पुढचे दोन दात सोन्याचे आहेत ते त्यामुळेच, खरे दात गाठींनी नेले.

तर ही गोष्ट मागच्या डिसेंबरची.

ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष गोळी लागून गेले, लष्करी कायदा लागला, कॉलेजं बंद झाली आणि मी सोलहून मामांकडे परत आले, जिथे मी लहानाची मोठी झालेय. घरी एकच विषय होता, मीरानताईचं लग्न. मीरानताई मामांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि तिचं जमलं होतं मेंग ग्यूचॉलशी. ग्यूचॉल म्हणजे बस कंपनीच्या मेंग मालकांचा धाकटा. दोघं तीन वर्षं एकमेकांना शेवटच्या बसच्या मागच्या सीटवर भेटत होती आणि सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त दोघांना वाटायचं माहीत नाही. ती रडायची तर मी पण रडायचे, मला राहवतच नाही.

मेंग मालक वाईट नव्हते, पण घाबरट होते. ज्याच्याकडे बारा बस आणि बारा परवाने आहेत त्याला घाबरट व्हावंच लागतं. त्यांनी मामांना बोलावलं, मी बरोबर होते.

"प्यो," मालक म्हणाले, "पोरगी चांगली आहे तुझी. माझी आई पण म्हणते. माझ्या एकसष्टीला आईपुढे सोयरीक जाहीर करून टाकतो."

मामा वाकले ते वर येईनात.

"ऐक आधी. मला दोन जनरल चक्र पाठवतायत. ग्वाकसाहेब आईच्या माहेरकडचे, मोकसाहेब माझ्या थोरल्या पोराच्या पलटणीचे. दोघांची माणसं येणार जेवायला. गेल्या वर्षी सोसायटीच्या कार्यात चक्र मागेपुढे झालं, आधीच्या चेअरमनला कुठे धाडलं?"

"बेटावर, मालक."

"मला बेटावर जायचं नाही. ओळ नीट लागली, दिवस नीट गेला, तर मीरान माझी सून. घोळ झाला, तर तुझी पोरगी घरी आणि माझा पोरगा घरी. समजलं?"

"यात घोळ कसला मालक, ग्वाकसाहेब तीन तारे, मोकसाहेब दोन. पोरंसुद्धा मोजतील."

मीरानताईने त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

एकसष्टीच्या दिवशी सकाळी आम्ही बस गॅरेजच्या अंगणात ओळ लावली. आत मंडप, मंडपात लांब टेबल आणि टेबलावर खजूर, अक्रोड, सुकवलेली पर्सिमनं, तांदळाच्या रंगीत वड्या यांचे हातभर उंच मनोरे. मनोऱ्यांमागे मालकांची ऐंशीपार आई रेशमी कपड्यांत बसवून ठेवलेली. तिला मालक साष्टांग नमस्कार घालणार, मग कार्य सुरू, मग जेवण. तोवर मनोऱ्यांना हात लावायचा नाही, आणि म्हातारीचं सगळं लक्ष खजुरांवर. बाहेर दाराच्या उजवीकडे पहिलं ग्वाकसाहेब, दुसरं मोकसाहेब, मग पुढे नेहमीची मंडळी. मामांनी शेवटची गाठ खांबाला मारली, दातांनी ओढली आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. सगळं शिस्तीत.

हवालदार सोक पहिले आले. नेहमी थेट आत जातात, त्या दिवशी ओळीसमोर उभे राहिले. दोन्ही फिती वाचल्या, परत वाचल्या.

"काका," म्हणाले, "छान लावलीय ओळ."

आणि गेले. मामांच्या हातातली सुतळी खाली पडली.

"युनजू, तो मला काय म्हणाला?"

"काका म्हणाला."

"काहीतरी झालंय," मामा म्हणाले.

त्याचं उत्तर सोलच्या पहिल्या बसने आणलं, जी फार उशिरा आली. बे नावाचा ड्रायव्हर उतरला तो थेट मालकांकडे. "मालक, हान नदीच्या पुलावर रणगाडे होते. मला पुलापाशीच अडवून ठेवलं. रात्री गोळीबार झालाय म्हणे, सैन्यानेच सैन्यावर."

मालकांनी छाती धरली. "कुणाचे रणगाडे?"

"रणगाड्यावर नाव नसतं मालक, चक्रासारखं."

"गोळीबार कुठे झाला?"

"ग्वाकसाहेबांच्या घराच्या बाजूला."

"ग्वाकांनी केला की ग्वाकांवर केला?"

"मी बाजू ऐकली, दिशा नाही ऐकली."

"पण झालं कशावरून?"

"दोन जनरलांत म्हणे. एक ग्वाकसाहेब, दुसऱ्यांचं नाव पुलावरचा शिपाई सांगत होता, मोक की काहीतरी."

आम्ही सगळे एकदम ओळीकडे बघायला लागलो. दोघं शेजारी शेजारी उभे होते, एकाच दोराला बांधलेले, आणि वाऱ्याने मोकसाहेबांची फीत उडून ग्वाकसाहेबांच्या फुलांवर आपटत होती.

रेडिओ लावला तर त्यावर कोबी कसा साठवावा याची माहिती चालू होती. सोलला फोन लागेना. पेपरात पहिल्या पानावर एक मोठ्ठी कोरी जागा. मालक मामांजवळ आले, आवाज अगदी बारीक. "प्यो, आता पहिला कोण?"

"मालक, तारे तर..."

"ताऱ्यांना चुलीत घाल. ज्याच्या घरावर गोळीबार होतो तो पहिला असतो का?"

मामांनी विचार केला. मग आम्ही दोघांनी गाठी सोडून चक्रं उचलली, मोकसाहेब पहिले, ग्वाकसाहेब दुसरे. ती घोडी काय जड असते विचारू नका, माझ्या हाताला कामट्या लागल्या. पुन्हा बांधलं.

आता सकाळपासून पाहुणे ओळीसमोर उभे राहून फोटो काढून घेत होते, ती पद्धतच आहे, ज्याचं चक्र पहिलं त्याच्या शेजारी. मुख्याध्यापक ग्वाकसाहेबांबरोबर दोन फोटो काढून आत नूडल्सची वाट बघत बसले होते. बाहेर आले, ओळ बघितली, आणि फोटोवाल्या छेचा दंड धरला.

"छे, तो मघाचा फोटो. माझे डोळे मिटले होते."

"नव्हते मास्तर, चांगले उघडे होते."

"मिटले होते. परत काढ. इथे."

त्यांच्यामागे चेअरमन, ज्यांचेही डोळे मिटले होते. त्यांच्यामागे पोस्टमास्तर. अर्ध्या गावाचे डोळे सकाळी मिटलेले निघाले.

मीरानताई ताटं घेऊन आतबाहेर करत होती. माझ्याजवळ थांबली. "युनजू, बाबा चक्रं का हलवतायत? ओळ लागली म्हणाले होते ना?"

"काही नाही गं, जरा वारा..."

"तू खोटं बोलतेस तेव्हा तुझे कान लाल होतात," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मग माझेही.

तेवढ्यात तहसीलदारांची जीप आली. आली ती थांबलीच नाही. गेटसमोरून सावकाश पुढे गेली, मेजरसाहेबांनी काचेतून ओळ वाचली, जीप वळसा घालून परत आली, परत वाचली, आणि मग निघून गेली. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा आली तेव्हा साहेब उतरले, छाती पुढे, चेहऱ्यावर असं तेज की जणू त्यांनीच कुणाला अटक केलीय.

"कोणी लावली ही ओळ?"

मामांनी नकळत दोन्ही हात अर्धे वर केले, शाळेच्या अंगणातल्यासारखे.

"खाली करा हो हात. प्योसाहेब, चुकलंय तुमचं. मी आत्ता प्रांताच्या ऑफिसला फोन केला होता. पक्की खबर आहे. ग्वाकसाहेब पहिले."

"पक्की?"

"सैन्याच्या गुप्तचर खात्याचा रिपोर्ट आहे, आणखी काय पाहिजे? तिकडे सगळे ग्वाकसाहेबांकडेच आहेत."

मालकांनी मामांना ढोसलं. आम्ही पुन्हा गाठी सोडल्या, पुन्हा उचललं, ग्वाकसाहेब पहिले. मंडपातून मुख्याध्यापक हे बघत होते. हातातला रिकामा वाडगा तसाच ठेवून उठले. "छे," म्हणाले, "ते पहिले दोन फोटो फेकले नाहीस ना?"

"तुम्हीच म्हणालात डोळे मिटले होते."

"किंचित. किंचित मिटले होते."

मामांचा जीव जरा भांड्यात पडला. सरकारी खबर म्हणजे सरकारी खबर. त्यांनी शेवटची गाठ घट्ट मारली, दोर दातांनी ओढला, थुंकले, आणि मला म्हणाले, "बघ, शेवटी तारेच खरे." मालक पण हसायला लागले, आत जाऊन आईला म्हणाले की आता पाच मिनिटांत नमस्कार घालतो. म्हातारी म्हणाली, "सकाळपासून पाचच मिनिटं आहेत. तू लहानपणापासून असाच."

आणि तेव्हा हवालदार सोक परत आले. जॅकेटची चेन उघडी, घाम. डिसेंबरात घाम. ओळीकडे बघितलं आणि खांबाला टेकले.

"देवा. काका, जीव गेला होता माझा. मधेच कुणीतरी सांगितलं की तुम्ही ओळ बदलली, मोकसाहेब पहिले केले."

"केले होते," मामा म्हणाले. "मग परत ग्वाकसाहेब केले. तुमच्याच खात्याचा रिपोर्ट आला ना."

"कुठला रिपोर्ट?"

"तहसीलदारांनी प्रांताला फोन केला. प्रांताने सांगितलं, गुप्तचर खात्याची पक्की खबर, ग्वाकसाहेब."

सोकांनी इकडेतिकडे बघितलं. मग मामांच्या कानाशी आले, आणि मी दोराचं वेटोळं धरून शेजारीच उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"काका, प्रांताला खबर इथून गेलीय. मीच दिली."

"तुम्हाला कुणी दिली?"

"वरून सकाळपासून विचारतायत, तुमच्याकडे काय परिस्थिती, तुमच्याकडे काय परिस्थिती. मला कोण सांगणार? माझा साहेब फोन उचलत नाही. म्हटलं काहीतरी कळवलं पाहिजे. मग इथे येऊन बघितलं."

"काय बघितलं?"

सोकांनी हनुवटीने पहिल्या चक्राकडे खूण केली. "म्हटलं, प्योकाकांनी लावलंय म्हणजे त्यांना माहीत असणार."

मला हसू आलं. इतकं आलं की मी दोर तोंडात कोंबला. पण मामांकडे बघितलं आणि हसू गेलं. मामांचा चेहरा असा झाला होता की कुणीतरी त्यांच्या पायाखालून आख्खं गाव काढून घेतलंय. मामा लोकांकडून ऐकून ओळ लावत होते, आणि लोक ओळ बघून मामांना सांगत होते. सकाळपासून सोजिनमध्ये एकाच माणसाचं मत गोल गोल फिरत होतं, आणि त्या माणसाला काहीही माहीत नव्हतं.

"म्हणजे कोण जिंकलंय ते कुणालाच..." मामा म्हणाले.

"तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं," सोक म्हणाले, अगदी लहान मुलासारखं.

मालक मंडपाच्या दारात आले, डोक्यावर एकसष्टीची टोपी. "प्यो, हीच ना शेवटची ओळ? मी आत नमस्काराला वाकतोय. मी उठेपर्यंत हीच राहणार ना? कारण वाकल्यावर काही झालं तर..." आणि ते मीरानताईकडे बघून थांबले. ती ताट घेऊन उभी होती. पलीकडे ग्यूचॉल किमचीचा, म्हणजे तिखट आंबवलेल्या कोबीचा, हंडा धरून उभा होता, चेहरा किमचीपेक्षा लाल. दोघंही मामांकडे बघत होती. मी पण बघत होते. जिच्यासाठी सगळं चाललंय ती एका बाजूला आणि दोन जनरल दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये माझे मामा, ज्यांना कोण कुठे उभं राहील हे तीस वर्षं माहीत होतं आणि आज नव्हतं.

"हीच, मालक," मामा म्हणाले. "शेवटची गाठ एकदा बघतो फक्त."

ते ओळीच्या टोकाला खांबामागे गेले आणि खाली बसले. मला वाटलं आवळतायत. समुद्राकडून वारा जोरात येत होता, फिती शिट्ट्या मारल्यासारख्या फडफडत होत्या. मामांनी मान वाकवली, गाठीला दात लावले. सोन्याचे दोन दात उन्हात चमकले. मग ते उठले, हात झटकले आणि सावकाश माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"पोरी," म्हणाले, "जरा मागे हो."

पहिले ग्वाकसाहेब गेले. ते मोकसाहेबांवर गेले, मोकसाहेब गव्हर्नरांवर, गव्हर्नर सोसायटीवर, सोसायटी शाळेवर, आणि सगळी ओळ घरंगळत पार संडासाच्या भिंतीपर्यंत तोंडावर आपटली. शेवटचं नाभिक संघाचं चक्र तेवढं उभं राहिलं. कागदी शेवंती अंगणभर उडायला लागली. मुख्याध्यापक फोटोसाठी नेमके मधे उभे होते. ते दोन्ही जनरलांच्या खालून रांगत बाहेर आले.

सगळं गाव धावलं. तहसीलदार म्हणाले, "हे कुणी केलं?"

"वाऱ्याने," मामा म्हणाले.

तहसीलदारांनी सोकांकडे बघितलं. सोकांनी आकाशाकडे बघितलं. वाऱ्याला ताब्यात घेता येत नाही.

"उचला मग," तहसीलदार म्हणाले, आणि कुणी हललं नाही. कारण उचलायचं तर आधी कुणाचं उचलायचं? एकमेकांकडे बघत सगळे उभे. शेवटी तहसीलदारच म्हणाले, "जेवणं होऊ द्या आधी. वारा पडेल." आणि शप्पथ, मला वाटलं की सगळ्या अंगणाने एकदम सुटकेचा श्वास सोडला. माणसं सकाळपासून पहिल्यांदा एकमेकांशी मोकळेपणी बोलायला लागली. मालकांनी आईला नमस्कार घातला. म्हातारीने आशीर्वाद द्यायच्या आधी मनोऱ्याच्या टोकावरचा खजूर तोंडात टाकला, त्यामुळे आशीर्वाद कुणाला नीट कळला नाही. मग तांदळाची दारू, वड्या, नूडल्स. चक्रं बाहेर तोंड खाली घालून पडलेली.

बातमी जेवणाच्या शेवटाला आली. बे ड्रायव्हरने बसमधला रेडिओ मोठा केला. कुणीतरी जड आवाजात वाचत होतं की काही सेनाधिकाऱ्यांना चौकशीसाठी नेलंय, आणि नावं. ग्वाकसाहेबांचं नाव दुसरं होतं.

मंडपात इतकी शांतता झाली की म्हातारीचं खजूर चावणं ऐकू आलं. मग चेअरमन म्हणाले, "मला सकाळीच शंका आली होती." पोस्टमास्तर म्हणाले, "मला तर कालच." आणि सगळे उठून बाहेर पळाले. मोकसाहेबांचं चक्र पाच जणांनी मिळून उचललं, तहसीलदारांनी स्वतः फीत झटकली. ग्वाकसाहेबांच्या चक्रावरून ते चालत गेले आणि आले. मुख्याध्यापक छेला शोधत होते. हवालदार सोक मामांच्या शेजारून गेले, हळूच म्हणाले, "बरं झालं पडलं. मी वर कळवलंय, वाऱ्यामुळे आधीचा अंदाज रद्द." मामा काहीच उचलायला गेले नाहीत. कोपऱ्यात बसून नूडल्स खात होते.

मग मालक आले. हातात दोराचं टोक.

"प्यो, हा दोर तुटलेला नाही."

"नाही, मालक."

"गाठ सुटली?"

"सुटली."

"तुझी गाठ सुटली?"

मामांनी वाडगा खाली ठेवला. "वय झालं, मालक."

हे म्हणणं त्यांना किती जड गेलं ते मला माहीत आहे, कारण आजूबाजूचे चारपाच जण ऐकून हसले, आणि एक म्हणाला, "प्योची गाठ म्हणे," आणि ते वाक्य आता गावात कायमचं झालंय. बायको ऐकत नाही, प्योची गाठ. सायकलची चेन पडली, प्योची गाठ. मामांनी मान खाली घातली आणि वाडगा परत उचलला.

मालक दोराचं टोक बोटांत फिरवत राहिले. ओल्या काथ्यावर दोन खोल खुणा होत्या, शेजारी शेजारी. त्यांनी त्या खुणा बघितल्या. मग मामांचं तोंड बघितलं. मग पुन्हा खुणा.

"एकसष्ट वर्षांचा झालो," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि आज कळलं की वाऱ्याला दात असतात."

मामांनी ओठ घट्ट मिटले.

"सोन्याचे," मालक म्हणाले. त्यांनी दोराचं ते टोक कापलं, खिशात घातलं आणि मंडपात जाऊन आईच्या कानात ओरडले, "आई, ही मीरान, धाकट्याची बायको होणार." म्हातारी म्हणाली, "मला तीन वर्षांपासून माहीत आहे, शेवटच्या बसमध्ये मी पण असते." ग्यूचॉलच्या हातून हंडा सुटला. मी रडले. मीरानताई तर काय, मामी पण, आणि मामा किमचीचा वास डोळ्यांत गेला म्हणाले.

लग्न मार्चमध्ये झालं, कॉलेज सुरू झाल्यावर, मी दोन दिवस सुट्टी घेऊन आले. छेने त्या दिवसाचे फोटो विकले ते सगळे मोकसाहेबांबरोबरचे. ग्वाकसाहेबांबरोबरचे कुणी घेतले नाहीत, मुख्याध्यापकांनी तेवढे गपचूप निगेटिव्हसकट नेले. हवालदार सोक पुन्हा "ए प्यो" म्हणायला लागलेत. आणि मोकसाहेबांनी लग्नाला चक्र पाठवलं, आता तीन तारे, पहिल्यापेक्षा मोठं, चार जणांनी उचलून आणलं.

मामांनी ते दाराच्या उजव्या हाताला लावलं, दुसरं कुठे लावणार. मी दोर धरून उभी होते. बाकी सगळ्या घोड्या त्यांनी निरगाठीने बांधल्या, दातांनी ओढून ओढून. मोकसाहेबांच्या घोडीला मात्र सुरगाठ मारली, बुटाच्या नाडीला मारतात ना तशी, एक झटका दिला की मोकळी.

"मामा, ही सुटेल."

"सुटू दे."

"पण हे पहिलं आहे ना?"

"म्हणूनच," मामा म्हणाले. सुरगाठीचं लोंबणारं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, "धरून उभी राहा," म्हणाले, आणि स्वतः आत मुलीच्या लग्नाचं जेवायला बसले.